हिंगोलीत बसून वसमतचा संगणक दुरुस्त करायचा तर

हिंगोली जिल्ह्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याची गिऱ्हाइकं एका गावात नसतात. हळदीची आडत वसमतला, पतसंस्थेची शाखा कळमनुरीला, शाळेचं कार्यालय सेनगावला. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला दर वेळी गाडी काढणं परवडत नाही. त्यासाठीच रिमोट ॲक्सेस: आपल्या संगणकावर दूरच्या संगणकाचा स्क्रीन दिसतो आणि त्याचा माऊस-कीबोर्ड इथूनच चालवता येतो.

दर बघण्याआधी एक गोष्ट ठरवा. आपण जोडणी कराल तेव्हा तिकडे कुणी बसलेलं असेल का? पुष्कळ जण हे न ठरवताच महागडा परवाना घेऊन मोकळे होतात.

माणूस समोर असेल तर बहुतेक वेळा खर्चच लागत नाही. विंडोज १० आणि ११ साठी ‘क्विक असिस्ट’ मोफत आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकदम दाबली की ते उघडतं. आपलं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, समोरच्याचं लागत नाही. आपण फोनवर कोड सांगायचा, त्यांनी तो टाकून परवानगी द्यायची. कोड थोड्याच वेळात बाद होतो, म्हणून फोन चालू ठेवा.

इथे हमखास अडतं ते पुढे. सॉफ्टवेअर टाकताना विंडोज ‘बदल करू का?’ असं विचारतं, तेव्हा आपल्याकडचा स्क्रीन काळा पडतो. जोडणी तुटलेली नसते. तिकडच्या माणसाने ‘यस’ दाबायचं असतं. त्यांच्याकडे ॲडमिनचा पासवर्डच नसेल तर काम तिथेच थांबतं. तो आधी विचारून घ्या.

रात्री दुकान बंद असताना काम करायचं असेल, तर ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ हा मोफत पर्याय आहे. गुगल खातं आणि किमान ६ आकडी पिन लागतो. यासाठी कार्यालयाच्या नावाचं वेगळं खातं काढा. कर्मचाऱ्याच्या घरच्या खात्यावर जोडलं की तो नोकरी सोडताना किल्लीही घेऊन जातो. थोडी तांत्रिक खटपट जमत असेल तर ‘रस्टडेस्क’ बघा. तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि स्वतःचा सर्व्हरही उभारता येतो.

विंडोजचं स्वतःचं ‘रिमोट डेस्कटॉप’ मात्र होम आवृत्तीवर बाहेरची जोडणी घेत नाही. प्रो असली तरी त्यासाठी राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे जोडणीचा दरवाजा, इंटरनेटला उघडू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले हाच दरवाजा धुंडाळत असतात.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर चांगले आहेत, पण त्यांची मोफत आवृत्ती घरगुती वापरापुरतीच. धंद्याचा वापर लक्षात आला की जोडणी मध्येच तोडली जाते, आणि तेव्हा समोर नेमकं महिनाअखेरीचं काम असतं. गिऱ्हाइकं बरीच असतील तर परवाना घ्याच. एका वेळी किती जोडण्या, एकूण किती संगणक, १८ टक्के जीएसटी धरला आहे का आणि वर्ष संपताच पैसे आपोआप कापले जातील का, हे घेण्याआधी विचारा.

आपल्याकडची खरी अडचण विजेची. लाइट जाऊन आली तरी संगणक बंदच राहतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार? संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये जा. वीज परत आल्यावर काय करायचं, हे सांगणारा पर्याय बहुतेक मदरबोर्डवर असतो. तो ‘ऑन’ करा आणि विंडोजमधली झोप, म्हणजे स्लीप, बंद करा. हे पहिल्या भेटीतच उरकून घ्या.

आणखी एक. आपल्या कीबोर्डवर मराठी लेआउट सुरू राहिला तर तिकडे पासवर्ड चुकीचा पडू शकतो. आधी इंग्रजीवर या.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन इशारा दिला होता: ठग फोन करून ॲप टाकायला लावतात, कोड विचारतात आणि खातं रिकामं करतात. म्हणून गिऱ्हाइकाला नियम घालून द्या. ‘संगणकवाला बोलतोय’ असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि आपल्या ठरलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. आपण काम करत असताना बँकेचं पान बंद ठेवायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं.

सरकारी कार्यालयाचा संगणक असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी आल्याशिवाय यातलं काहीही बसवू नका. आणि गिऱ्हाइकाशी काम संपलं की त्याच दिवशी सॉफ्टवेअर काढा, पिन बदला.