डिस्पोजलच्या गाड्या
दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात जमविलेली सहस्रावधी लष्करी वाहने सरकारला अकस्मात जड झाली. त्यांचे लिलाव पुकारले गेले, आणि अशा रीतीने मुलकी परवान्याखाली आलेल्या ट्रकांपैकी काही नीरा डाव्या कालव्याच्या मुलखात, बारामती व इंदापूर तालुक्यांत, राबू लागले.

या मुलखाची निकड मोठी होती. १८८५च्या सुमारास वाहू लागलेल्या कालव्याने ऊस दिला, १९१४ साली दौंडहून आलेल्या आगगाडीने बारामतीच्या गुळाला दूरची पेठ जवळ केली, आणि पुढे कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे राहिले; परंतु मळ्यापासून पक्क्या सडकेपर्यंतची वाट काळ्या चिकण मातीतून जाई व पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुते. युद्धकाळात नवा ट्रक मिळणे दुर्घट, पेट्रोलवर नियंत्रण, आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर रखडत चालत. याच वालचंदांनी स्वदेशी मोटार कारखान्याची तजवीज युद्धाच्या आरंभीच केली होती. परकीय सरकारने त्या वेळी साहाय्य नाकारले, आणि त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडावयास १९४७ साल उजाडले. ही दिरंगाई झाली नसती तर आमच्या शेतकऱ्याला परक्या सैन्याच्या उरल्यासुरल्या मालावर विसंबावे लागले नसते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

तथापि तो माल अस्सल होता. कॅनडातील फोर्ड व शेव्हरोले कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी घडविलेल्या या चपट्या नाकाच्या गाड्यांचे सुकाणू उजवीकडे असल्यामुळे त्या आमच्या सडकांना सोयीच्या होत्या, आणि त्यांतील अनेकींची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरत असल्यामुळे चिखलातही त्या वाट काढीत. त्यांचे खरे रूपांतर मात्र मिस्त्रींच्या हातून झाले. लष्करी हौदा उतरवून लाकडी हौदा व उंच फाळके बसविणे, उसाच्या वजनासाठी स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाने घालणे, आणि पुढे पेट्रोल परवडेनासे झाल्यावर अजस्र इंजिन काढून त्या जागी डिझेलचे इंजिन बसविताना त्याच्या बैठका नव्याने जोडणे व शाफ्टची लांबी जुळवून घेणे, ही सारी कामे त्यांनी नकाशावाचून, केवळ नजरेच्या मापाने केली. या कारागिरीची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाची नाही, आणि म्हणूनच ती येथे आदरपूर्वक करावीशी वाटते.

१९५४ साली जमशेदपूरहून टाटांचे डिझेल ट्रक निघू लागले. त्याच दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखान्यांची उभारणी झाली, आणि उसाची वाहतूक हळूहळू नव्या गाड्यांकडे गेली. जुन्यांना पाण्याच्या टाक्या वाहण्याचे व बंद पडलेल्या वाहनांना ओढून नेण्याचे काम उरले.