कव्हरवर नगर, पोस्टरवर नजर!

गाणं कानात शिरायच्या आधी डोळ्यांत शिरतं, माहीत आहे का? जत्रेच्या वाटेवर दोन बाभळींना बांधलेला फ्लेक्स, जीपच्या बोनेटवर चिकटवलेलं पोस्टर, तळहातात मावणारं कॅसेटचं कव्हर, मोबाइलवरचा थंबनेल! ढोलकीवर पहिली थाप पडायच्या आत चित्र गावात पोचलेलं असतं. आणि लोकसंगीताच्या या रंगीत दुनियेत आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, भलताच भाव खाऊन आहे. चला, भर्रकन एक फेरी मारू!

सुरुवात थेट लंडनहून. माहीत आहे का, जगातल्या एका तुफान गाजलेल्या रॉक अल्बमच्या कव्हरचा धागा नगरजवळच्या अरणगावात येऊन पोचतो? ‘द हू’ हा इंग्लंडचा बँड. १९६९ साली त्यांचा ‘टॉमी’ आला. श्रेयनामावलीत गायक, गिटार, ड्रम वगैरे नेहमीची मंडळी होतीच, पण त्यांच्या पंगतीत आणखी एक पद छापलेलं होतं: ‘अवतार’. आणि त्यापुढे नाव? मेहेरबाबा! अरणगावच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे, तेच आपले मेहेरबाबा.

हे कव्हर काढलं माइक मॅकइनर्नी या चित्रकाराने. तो बाबांचा भक्त. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याला मेहेरबाबांची ओळख करून देणाराही तोच. कव्हर तीन पानांत उलगडणारं: निळं आभाळ, ढग आणि त्यावर पसरलेली जाळी. कंपनीने चित्र पाहिलं आणि विचारलं, बँडवाल्यांचे चेहरे कुठे आहेत? मग जाळीच्या फटींमधून चेहरे डोकावायला लावले! आपल्याकडच्या डिझायनरांना हे वाचून लगेच पटेल. ‘सगळं झकास आहे, फक्त अध्यक्षांचा फोटो राहिला’ हे वाक्य लंडन ते लोणी सगळीकडे तेच.

टाउनशेंड १९७२ साली मेहेराबादला येऊनही गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या ‘हू केम फर्स्ट’ या अल्बममध्ये मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर रचलेलं गाणं आहे.

आता खरी गंमत ऐका. ज्यांचं नाव रॉकच्या कव्हरवर झळकलं, ते मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत मौनात होते! साडेत्रेचाळीस वर्षं! कित्येक वर्षं ते अक्षरं लिहिलेल्या एका फळीवर बोट फिरवून बोलत, पुढे तीही सोडली आणि नुसत्या खुणांवर आले. टायपोग्राफीचा इतका जिवंत वापर दुसरा कुठला दाखवाल?

आणि पोस्टरची करामत तर पुढेच आहे. ‘डोंट वरी, बी हॅपी’ हे गाणं सगळ्यांनी ऐकलंय. ते सुचलं कशावरून, माहीत आहे का? भिंतीवरच्या पोस्टरवरून! पोस्टरवर मेहेरबाबांचा हसरा चेहरा आणि हेच चार शब्द. बॉबी मॅकफेरिनने ते पाहिलं आणि १९८८ साली गाणं आलं. एकही वाद्य नाही, सगळे आवाज तोंडाने काढलेले. असं बिनवाद्याचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ. गाण्यावरून पोस्टर निघतं हे सगळ्यांनाच ठाऊक, इथे पोस्टरवरून गाणं निघालं!

शिर्डी: एक फोटो, हजार कव्हरं

अरणगावहून थेट शिर्डी गाठू. साईगीतांच्या कॅसेट, सीडी, पालख्यांची पोस्टरं... बहुतेकांवर दोनच रूपं फिरून फिरून भेटतात. एक, दगडावर पायावर पाय टाकून बसलेले साईबाबा. दुसरी, समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती. मूर्ती घडवली मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी, ती बसली ७ ऑक्टोबर १९५४ला. बाबांचं निर्वाण १९१८चं. म्हणजे मधे ३६ वर्षं गेलेली, आणि शिल्पकाराच्या हाताशी काय? ब्लॅक अँड व्हाइट फोटो! त्यातून तो चेहरा दगडात उतरला, दगडातून पुन्हा फोटोत आला आणि फोटोतून देशभरच्या कॅसेटच्या दुकानांत पोचला. नगर जिल्ह्यातून सर्वांत जास्त कव्हरांवर गेलेला चेहरा कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून हेच उत्तर देईन.

कॅसेट म्हणाल तर ती फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. पण आपल्याकडे तिने खरा धुमाकूळ घातला तो ऐंशीच्या दशकात. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीची मर्जी सांभाळायची. कॅसेट आली आणि भीमगीतं, भारुडं, पोवाडे, जत्रेची गाणी सगळ्यांना स्वस्तात आपापलं कव्हर मिळालं. फक्त जागा आखडली! हिशेब करा: एलपी रेकॉर्डच्या एका कव्हरात कॅसेटची साधारण १५ कव्हरं बसतात. तेवढ्याशा जागेत देव, गायक, संगीतकार, कंपनीचा शिक्का आणि वर एक समईसुद्धा!

तमाशाचं पोस्टर: सगळ्यांचा बाप

नगर जिल्ह्यात पोस्टर म्हटलं की पहिला मान तमाशाचा. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा माहीत आहे का? ते पवळाबाईंचं गाव. पठ्ठे बापूरावांच्या जोडीने गाजलेली ‘नामचंद पवळा’ ती हीच. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

संगमनेरच्याच कांताबाई सातारकर. जन्म गुजरातचा, आडनावात सातारा, बिऱ्हाड संगमनेरला. एका नावात केवढा प्रवास! त्या बोर्डावर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या, आणि प्रेक्षक ती डोक्यावर घ्यायचे. २०२१ साली त्या गेल्या. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ हे मायलेकांचं नाव मात्र महाराष्ट्राच्या पोस्टरांवर कोरलं गेलंय.

त्यातला ‘सह’ बघितलात? तमाशाच्या पोस्टरवर या दोन अक्षरांना भलतं वजन. ‘हरिभाऊ बडे सह शिवकन्या बडे नगरकर’. कुणाचं नाव आधी, कुणाचं मोठं, कुणाचा फोटो मधोमध, यात फडाचा सगळा मानपान असतो. डिझायनरने एक नाव दोन पॉइंटनी लहान केलं तर फोन आलाच म्हणून समजा! शिवाय गाव हवंच. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी अर्ध्या महाराष्ट्राला कसं माहीत? चंद्रकांत ढवळपुरीकरांच्या पोस्टरमुळे. गावाला याहून चांगली जाहिरात कोण देणार?

आता पोस्टर जरा जवळून बघू. वर देवाचं नाव. खाली फडाचं नाव कमानीसारखं वळवलेलं, लाल अक्षर, पिवळी कड, मागे काळी सावली. मधे नायिका, नजर थेट तुमच्याकडे. तिच्या दोन्ही अंगांना गोल चौकटीत सोंगाड्या, ढोलकीवाला, खलनायक. मग वगाचं नाव, शक्य तितकं थरारक. तळाशी एक पट्टी कोरी. ती विसरून राहिलेली नाही बरं का! गाव, तारीख, ठिकाण हे नंतर ऐन वेळी स्केचपेनने भरायचं असतं. एकच छपाई अख्ख्या मोसमाला पुरते. याला म्हणतात स्मार्ट डिझाइन.

आणि या पोस्टरांचा बाजार कुठे भरतो? नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. चैत्र-वैशाखाच्या जत्रांसाठी फडांच्या राहुट्या तिथे ओळीने लागतात. गावोगावचे पुढारी येतात, राहुटीबाहेरचे बोर्ड न्याहाळतात, आत शिरतात, सुपारी ठरते. गुढीपाडव्याला तर झुंबड. म्हणजे पोस्टर इथे फक्त प्रेक्षकाला नाही, आधी गिऱ्हाइकाला गाठतं. ज्या फडाचा बोर्ड भारी, तिथे पहिली पावलं वळतात.

तमाशावरचा सिनेमाही काही कमी नाही. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला चालला किती? १३१ आठवडे! अडीच वर्षं एकाच थिएटरवर एकाच सिनेमाचं पोस्टर. रंग उडाले असतील, गर्दी नाही उडाली.

कुत्रा, थडगं आणि गांधीजी

जरा जगाची सैर. एचएमव्हीच्या तबकडीवरचा तो कान टवकारलेला कुत्रा आठवतो? नाव निपर. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने मुळात त्याच्यासमोर जुन्या धाटणीचं नळकांडीचं यंत्र रंगवलं होतं. ग्रामोफोन कंपनीने सांगितलं, ते पुसा आणि आमचं यंत्र काढा, मग घेतो. त्याने रंगवलं आणि चित्र हक्कांसकट १०० पौंडांना विकलं. फोटोशॉप नसतानाचं फोटोशॉप!

अल्बमला चित्रवालं कव्हर असतं ही कल्पनाही फार जुनी नाही, माहीत आहे का? १९४०च्या आसपास कोलंबिया कंपनीतला विशीतला अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस म्हणाला, ही मळकट कागदी कव्हरं थडग्यांसारखी दिसतात, मला रंग द्या. रंग आले आणि खप वाढला.

बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ हे १९६७चं कव्हर बघा. साध्या कव्हराला ५० पौंड लागायचे तेव्हा याला जवळपास ३,००० लागले. चेहऱ्यांच्या त्या गर्दीत चार भारतीय योगी आहेत. महात्मा गांधीही होते, पण भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना काढायला लावलं. छपाईच्या आधी गांधीजी गायब!

रंग पाहून ओळखा

आता झटपट क्विझ. कव्हर सगळं पिवळंधमक? खंडोबाची गाणी. पारनेरच्या कोरठण खंडोबाच्या जत्रेत हा भंडारा हवेतही दिसतो. निळं आणि त्यात अशोकचक्र? भीमगीतं. हिरवा शालू, कुंकवाचा लाल? देवीचा गोंधळ. अक्षर न वाचताही ओळखता येतं, आणि हे कुठल्याही डिझाइन कॉलेजने शिकवलेलं नाही. जत्रेने शिकवलंय.

अक्षरांचंही ऐका. मराठी नाटकांच्या जाहिरातीत नावाचं अक्षरच नाटकासारखं दिसायला लावणारे कमल शेडगे २०२०मध्ये गेले. त्यांचं एकेक शीर्षक म्हणजे अख्खं पोस्टर. कम्प्युटरवरचा ‘मंगल’ फाँट घडवणारे र. कृ. जोशीही मराठीच. आणि एक ‘मोदक’ नावाचा फुकट मिळणारा फाँट आहे. त्याच्या कर्त्यांच्या मते तो बहुधा देवनागरीतला सर्वांत गुबगुबीत. सप्ताहाच्या फ्लेक्सवर कीर्तनकारांची आठ नावं मोदकात लावू नका, आठवं नाव पुढच्या तालुक्यात जाईल!

हो, आणि नगर जिल्ह्यात तालुके किती? १४. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर. साडेचार गोवे आरामात बसतील. फडाच्या जीपवाल्याला विचारा, पोस्टरं लावत फिरणं म्हणजे काय! त्यात २०२४ला जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, तेव्हा पत्त्याची ओळ नव्याने जुळवावी लागली ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगणार. इंटरनेटवरून कुठलंही वाद्य उचलून पोस्टरवर चिकटवू नका! शाहिराच्या हातात डफ, वाघ्याकडे दिमडी, गोंधळ्याचं संबळ, वासुदेवाच्या चिपळ्या. शाहिराशेजारी परदेशी गिटार दिसली की मन खट्टू होतं. कलावंताने आयुष्य घालवलंय त्या वाद्यावर. त्याचा एक नीट फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. आणि कापताना फेट्याचा तुरा जपा. फ्लेक्सच्या दुकानात घाईघाईत कटआउट करताना पहिला बळी तुऱ्याचा जातो, दुसरा तुणतुण्याच्या तारेचा. तार गेली की कलावंताच्या हातात नुसता डबा उरतो.

बरं, ज्याचा फोटोच नाही त्याचं काय करायचं? संगमनेरचे अनंत फंदी, १७४४ ते १८१९. पेशवाईतले शाहीर, कॅमेरा नावाची चीजच नव्हती. सांगतात की चौंडीच्या लेकीने, म्हणजे अहिल्याबाई होळकरांनी सांगितलं आणि फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले. सल्ला देणारी आणि घेणारा, दोघंही आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले! फंदींच्या रचनांचा अल्बम काढाल तर चेहरा चित्रकारालाच कल्पावा लागेल. कुणीतरी कराच हे काम.

थंबनेलवाल्यांना एक फुकटची टिप: यूट्यूबला चित्र लागतं १२८० बाय ७२० पिक्सेलचं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची मिनिटं येऊन बसतात. ढोलकीपटूचं नाव तिथे टाकलंत तर ते कुणालाच दिसणार नाही.

शेवटचं नगेट. पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव असायचं ना? ते हौसेने नव्हे, कायद्याने! १८६७च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण देणं बंधनकारक केलं होतं. चित्र काढणाऱ्याचं नाव द्या असं मात्र कुठल्या कलमात नव्हतं. म्हणून प्रेसची नावं सापडतात, पेंटरची सापडत नाहीत. तिकडे स्टाइनवाइस आपल्या कव्हरांवर झोकात सही ठोकायचा. आता पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांकडे गेलात तर नायिकेचा फोटो बघून झाल्यावर बोर्डाचा खालचा कोपराही बघा, आणि पेंटरची सही नसेल तर फडमालकाला त्याचं नाव विचारा.