आयएसडीएन पॅकेट ड्रायव्हर

आयएसडीएन पॅकेट ड्रायव्हर ही डॉस संचालन प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या वैयक्तिक संगणकांना आयएसडीएन दूरध्वनी जोडणीमार्फत संगणक-जाळ्याशी जोडणारी एक छोटी आज्ञावली होय. दूरध्वनीची तार ही स्थानिक जाळ्याची तार आहे असे भासवणे हे तिचे मुख्य काम. संगणकावरील इतर आज्ञावल्यांना आपण इथरनेट कार्डाशी व्यवहार करीत आहोत असे वाटे. प्रत्यक्षात त्यांची माहिती दूरध्वनी केंद्रातून जात असे आणि वेळेनुसार आकारही पडत असे. १९९० च्या दशकात, विशेषतः जर्मनीत, अशा आज्ञावल्या वापरात होत्या. त्यांतील काही शेअरवेअर पद्धतीने वितरित होत. ‘इस्पा’ हे त्यांपैकी एक परिचित नाव.

पार्श्वभूमी

आयएसडीएन म्हणजे इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क. अंकीय दूरध्वनी केंद्रात आवाजाचे दर सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणून एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. केंद्रे अंकीय झाल्यानंतरही केंद्रापासून घरापर्यंतची तार मात्र जुन्याच पद्धतीने चाले. आयएसडीएनने हा शेवटचा टप्पाही अंकीय केला. घरगुती जोडणीत ६४ किलोबिटच्या दोन ‘बी’ वाहिन्या आणि १६ किलोबिटची एक ‘डी’ वाहिनी मिळे. ‘बी’ वाहिन्यांवरून आवाज किंवा माहिती जाई. कोणाला जोडायचे, कधी तोडायचे, पलीकडून कोण बोलावत आहे, असे सारे निरोप ‘डी’ वाहिनीवरून जात.

जर्मनीत मानहाइम व श्टुटगार्ट या शहरांत १९८७ साली चाचणी होऊन १९८९ मध्ये ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. आरंभी तेथे ‘१टीआर६’ हा राष्ट्रीय संकेत वापरात होता. पुढे युरोपीय देशांनी मान्य केलेला ‘डीएसएस१’ हा समान संकेत आला.

वेगाची चर्चा नेहमी होते, परंतु या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने जोडणीला लागणारा वेळ अधिक महत्त्वाचा आहे. साध्या मोडेमला क्रमांक फिरवून, शिट्ट्या वाजवून, पलीकडच्या मोडेमशी वेग ठरवून संपर्क साधायला अर्धा मिनिट सहज लागे. आयएसडीएनवर हेच काम एक-दोन सेकंदांत होई. तार गरजेपुरती जोडावी, काम होताच तोडावी आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये, ही कल्पना या एक-दोन सेकंदांमुळेच व्यवहारात उतरू शकली.

दोन संकेतांमधील पूल

आयएसडीएन कार्ड संगणकात बसवले, तरी डॉसवरील जाळ्याच्या आज्ञावल्यांना ते थेट वापरता येत नसे. दोन्ही बाजूंचे संकेत वेगळे होते.

कार्डाच्या बाजूला ‘कापी’ होते. जर्मन उत्पादकांनी १९८९ पासून विकसित केलेला हा समान संकेत. कोणत्याही कंपनीचे कार्ड असले, तरी आज्ञावलीने त्याच्याशी एकाच भाषेत बोलावे, हा त्याचा हेतू. डॉसमध्ये ‘कापी’ सामान्यतः एफ१ क्रमांकाच्या सॉफ्टवेअर इंटरप्टवर उपलब्ध असे. आज्ञावलीने आधी स्वतःची नोंद करायची, मग ‘जोड’, ‘तोड’, ‘हा माहितीचा तुकडा पाठव’ असे निरोप एका रांगेत टाकायचे आणि दुसऱ्या रांगेतून उत्तरे उचलायची, अशी ती रचना होती. ‘कापी’ला दूरध्वनीचे ज्ञान होते; जाळ्यावरील पत्ते व मार्ग हा त्याचा विषय नव्हता.

दुसऱ्या बाजूला ‘पॅकेट ड्रायव्हर’चा संकेत होता. अमेरिकेतील एफटीपी सॉफ्टवेअर या कंपनीने १९८० च्या दशकात तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वी प्रत्येक जाळे-आज्ञावलीला प्रत्येक कार्डासाठी वेगळा भाग लिहावा लागे. या संकेतामुळे कार्डाचा ड्रायव्हर एकदाच लिहिला की टेलनेट, फाइल-हस्तांतरण, टपाल अशा सर्व आज्ञावल्यांना तो चाले. ड्रायव्हर स्मृतीत ठाण मांडून बसे आणि षोडशमान पद्धतीतील ६० ते ८० यांमधील एखादा इंटरप्ट क्रमांक घेई. आपली ओळख पटावी म्हणून तेथे ‘पीकेटी डीआरव्हीआर’ ही आठ अक्षरी खूण (मधली मोकळी जागा धरून) ठेवलेली असे. आज्ञावली एकेक क्रमांक तपासत जाई आणि खूण सापडली की तेथे थांबे.

आयएसडीएन पॅकेट ड्रायव्हर या दोहोंच्या मध्ये बसे. वरून तो पॅकेट ड्रायव्हर दिसे, खालून ‘कापी’चा ग्राहक.

कार्यपद्धती

बहुतेक आज्ञावल्यांना इथरनेटच ठाऊक असल्यामुळे ड्रायव्हरला इथरनेटचे सोंग घ्यावे लागे. इथरनेटवर कोणतेही पॅकेट पाठवण्यापूर्वी ‘या पत्त्याचे यंत्र कोणते?’ असा प्रश्न सर्वांना विचारला जातो. त्या व्यवहाराला एआरपी म्हणतात. दूरध्वनीच्या तारेवर असे विचारण्याला अर्थच नाही, कारण पलीकडे एकच यंत्र असते. म्हणून हा प्रश्न ड्रायव्हर तारेवर जाऊच देत नसे. तो स्वतःच एक काल्पनिक यंत्र-पत्ता उत्तरादाखल देई. आज्ञावलीचे समाधान झाले की ती त्या पत्त्यावर पॅकेट पाठवी. ड्रायव्हर त्यावरील इथरनेटचे १४ बाइटचे वेष्टन काढून टाकी, आतील आयपी पॅकेटला तारेवर चालणारे दुसरे वेष्टन घाली आणि ते ‘कापी’च्या स्वाधीन करी. येणाऱ्या पॅकेटांवर हीच क्रिया उलट क्रमाने होई.

तारेवरील वेष्टन कोणते, हा पलीकडच्या सेवादात्याशी जुळवण्याचा प्रश्न होता. काही ठिकाणी आयपी पॅकेटे जवळजवळ उघडीच जात. पुढे पीपीपी हा संकेत सर्वमान्य झाला. आयएसडीएनवर तो कसा वापरावा याचा दस्तऐवज १९९४ च्या मे महिन्यात आला. पीपीपीमध्ये नाव व संकेतशब्द तपासला जातो आणि संगणकाला आयपी पत्ताही मिळू शकतो. दोन्ही ‘बी’ वाहिन्या एकत्र बांधून १२८ किलोबिटचा वेग घेण्याची सोयही पीपीपीच्या विस्तारात झाली. अर्थात दोन वाहिन्या म्हणजे दोन दूरध्वनी, आणि आकारही दुप्पट.

आयएसडीएनचे बाह्य उपकरण घेऊन ते मोडेमसारखे सिरियल पोर्टला जोडणे, हा दुसरा मार्ग होता. तो सोपा, पण तोकडा. जुन्या संगणकाचा सिरियल पोर्ट सेकंदाला फार तर १,१५,२०० बिट नेई आणि प्रत्येक बाइटमागे दहा बिट खर्च होत. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. दोन वाहिन्यांवरून १६,००० बाइट येऊ शकत. उरलेली क्षमता दारातच अडून राही. त्यातच जुन्या सिरियल चिपमध्ये आलेले बाइट साठवायला रांग नसे. प्रक्रियकाचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले की बाइट हरवे. संगणकाच्या आत बसणाऱ्या कार्डाला ही अडचण नव्हती.

कार्डांतही दोन जाती होत्या. ‘सक्रिय’ कार्डावर स्वतःचा प्रक्रियक असे व आयएसडीएनचे बरेचसे काम तेथेच उरके. ‘निष्क्रिय’ कार्ड स्वस्त, पण तेच काम संगणकाच्या प्रक्रियकावर पडे आणि ‘कापी’ची आज्ञावलीही संगणकाच्या स्मृतीत जागा घेई. डॉसच्या ६४० किलोबाइट स्मृतीत ‘कापी’, पॅकेट ड्रायव्हर आणि त्यांवर प्रत्यक्ष कामाची आज्ञावली बसवणे ही मोठीच कसरत होती. पॅकेट ड्रायव्हर आकाराने लहान असणे हा म्हणूनच त्याचा मोठा गुण मानला जाई.

मागणीनुसार जोडणी आणि दूरध्वनीचे बिल

तार तुटलेली असतानाही ‘जाळे सुरू आहे’ असा आव ड्रायव्हर आणत असे. पहिले पॅकेट आले की तो क्रमांक फिरवी. तोवर ते पॅकेट धरून ठेवले तर ठीक. हरवले तरी टीसीपी ते काही सेकंदांनी पुन्हा पाठवतेच. वापरणाऱ्याला आरंभी किंचित थबकल्यासारखे वाटे, एवढेच. ठरावीक काळ वाहतूक झाली नाही की ड्रायव्हर तार तोडी.

हा काळ किती ठेवावा, यात पैशांचा प्रश्न गुंतलेला होता. जर्मनीत दूरध्वनीचा आकार एककांनी मोजला जाई. १९९६ च्या आरंभापासून एक एकक १२ फेनिगचे झाले आणि स्थानिक संभाषणात दिवसा ते ९० सेकंद पुरे. एकक एकदा सुरू झाले की ते पूर्ण मोजले जाई. म्हणून दहाव्या सेकंदाला तार तोडण्यात काहीच बचत नव्हती; उलट लगेच पुन्हा जोडावे लागले तर दुसरे एकक पडे. एकक संपण्याच्या जरा आधी तोडणे हे खरे शहाणपण. आयएसडीएनमध्ये आकाराची माहिती ‘डी’ वाहिनीवरून कळवण्याची सेवाही होती. ती घेतली असेल, तर एकक केव्हा पडते हे संगणकाला कळू शके.

याच भासाचा धोकाही होता. तार तुटलेली आहे हे आज्ञावल्यांना ठाऊकच नसल्यामुळे त्या निःशंकपणे बोलत राहत. एखादा टपाल-कार्यक्रम दर पंधरा मिनिटांनी नवे पत्र आले का पाहतो, किंवा घरातील दुसरा संगणक एखाद्या नावाचा पत्ता विचारत राहतो, असे समजू. माणूस झोपलेला असतानाही दिवसाचे ९६ दूरध्वनी होतील. प्रत्येकाला किमान एक एकक धरले तरी दिवसाला ११ मार्क ५२ फेनिग आणि तीस दिवसांत ३४५ मार्कांहून अधिक! तारेवर शिट्ट्या वाजत नाहीत, कार्ड आवाज करीत नाही; ही गोष्ट बिल हाती पडल्यावरच कळे. त्यामुळे अशा ड्रायव्हरमध्ये कोणत्या पॅकेटासाठी तार जोडावी व कोणत्यासाठी जोडू नये हे ठरवणारी गाळणी आणि संपर्कांची कमाल मर्यादा या सोयी वेगापेक्षाही महत्त्वाच्या ठरत. ड्रायव्हरसोबतची माहिती-फाइल वाचून न पाहता तो वापरणे महागात पडू शके.

शेअरवेअर पद्धती

शेअरवेअर म्हणजे मोफत आज्ञावली नव्हे. ही गल्लत तेव्हाही होत असे व आजही होते. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्ल्यूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ या आज्ञावल्या ‘वापरून पाहा, आवडल्यास पैसे पाठवा’ या अटीवर वाटल्या. बॉब वॉलेस यांच्या ‘पीसी-राइट’मुळे ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला. प्रती वाटण्याची मोकळीक होती, परंतु हक्क लेखकाचाच राही. नियमित वापरणाऱ्याने ठरलेली रक्कम पाठवावी, मग नोंदणीची किल्ली मिळे. नोंदणी न केलेल्या प्रतीत बहुधा सूचना झळके किंवा काही मर्यादा असे.

आयएसडीएन ड्रायव्हरला ही पद्धत सोयीची होती. ग्राहक थोडे व विखुरलेले, त्यामुळे खोक्यात घालून दुकानात विकणे परवडणारे नव्हते. शिवाय हे कार्ड, हे ‘कापी’ आणि हा सेवादाता यांचे जुळते की नाही, हे करून पाहिल्यावाचून सांगता येत नसे. आधी वापरून पाहण्याची मुभा ग्राहकाच्या खऱ्या गरजेची होती. लेखकाच्या बाजूने मात्र व्यवहार विषम होता. ‘कापी’ समान म्हटले, तरी निरनिराळ्या कार्डांच्या सवयी निरनिराळ्या. त्या साऱ्यांशी जुळवून घेणे त्याच्यावर पडे आणि ड्रायव्हर नीट चालू लागला की त्याचे अस्तित्वच विसरले जाई. न दिसणे हाच ज्या वस्तूचा गुण, तिचे पैसे आठवणीने पाठवणारे थोडेच असणार.

‘ट्रम्पेट विनसॉक’चे उदाहरण येथे लागू पडते. विंडोज ३.१ मध्ये आंतरजालाची सोय अंगभूत नव्हती. ती ऑस्ट्रेलियातील टास्मानियात तयार झालेल्या या शेअरवेअर आज्ञावलीने पुरवली. ती पॅकेट ड्रायव्हरवरही चाले, म्हणजे आयएसडीएनवाल्याच्या संगणकात एका शेअरवेअरच्या खांद्यावर दुसरे उभे असे. तिचा वापर जगभर झाला, त्या मानाने पैसे थोड्यांनीच दिले. एका सेवादात्याने तिची फेरफार केलेली प्रत नियतकालिकासोबत वाटल्याचा वाद ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात गेला आणि १९९६ साली प्रताधिकाराचा भंग झाल्याचा निर्णय मिळाला. प्रत वाटण्याची परवानगी ही अटींसह दिलेली परवानगी असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

संबंधित आज्ञावली

जर्मनीतील बॉन येथील ‘सीफॉस’ ही याच काळातील दुसरी शेअरवेअर आज्ञावली. तिचे सोंग निराळे: ती आयएसडीएन कार्डाला इथरनेट न भासवता मोडेम भासवी. फिडोनेट व बुलेटिन बोर्डांच्या आज्ञावल्या ‘फॉसिल’ नावाच्या संकेताने सिरियल पोर्टशी बोलत. ‘कापी’ आणि ‘फॉसिल’ यांच्या जोडीतूनच ‘सीफॉस’ हे नाव आले.

ऱ्हास

विंडोज ९५ मध्ये जाळ्याची सोय अंगभूत आली आणि आयएसडीएनसाठी मायक्रोसॉफ्टने पूरक संचही दिला. जून १९९६ मधील लिनक्स २.० मध्ये आयएसडीएनचा आधार होता, तोही विनाशुल्क. त्यामुळे जुन्या ३८६ संगणकाला घरगुती मार्गनियोजक बनवण्याचे काम हळूहळू लिनक्सकडे गेले. १९९९ पासून जर्मनीत डीएसएल जोडण्या मिळू लागल्या. ‘सीफॉस’ने डीएसएलकडे मोर्चा वळवला आणि वाहतूक-नियमन हे आपले नवे क्षेत्र केले, डॉसवरील पॅकेट ड्रायव्हरला असे स्थलांतर करणे शक्य नव्हते.

भारतात घरगुती आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाच्या सेवेने सुरू झाले, ते मुख्यतः साध्या मोडेमवर. मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमाने आयएसडीएन दिले. ते बँका, कार्यालये आणि दूरचित्र-बैठकांत अधिक वापरले गेले. डॉसवरील हे ड्रायव्हर आज जुने संगणक जपणाऱ्या छांदिष्टांच्या संग्रहात आढळतात. फाइल मिळते, पण नोंदणीची किल्ली देणारा लेखक बहुधा त्या पत्त्यावर राहिलेला नसतो, आणि पलीकडे फिरवायला आयएसडीएन क्रमांकही उरलेला नसतो.