सोमवारची पोटदुखी

रविवारी दिवसभर गल्लीत खेळणारं पोर सोमवारी सकाळी पोट धरून बसतं. शाळा बुडली की दुपारपर्यंत पोट बरं होतं. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. असं वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग यांनीही पोट दुखतं. तपासणीत काही सापडलं नाही, तर विचार करा : शाळेत आपल्या लेकराला कोणी छळत तर नाही ना?

हे दुखणं खोटं नसतं. भीती वाटली की छाती धडधडते, पोट ढवळतं, भूक मरते, झोप उडते. मूल तोंडाने सांगत नाही, तेव्हा त्याचं शरीर सांगतं.

भांडण वेगळं, छळ वेगळा

मुलं भांडतात आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. छळ तसा नसतो. तो जाणूनबुजून आणि पुन्हापुन्हा होतो. छळणारा वयाने, ताकदीने किंवा टोळीने मोठा असतो. मारणं, डबा हिसकावणं, टोपणनावं ठेवणं, खेळात न घेणं, मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकून हसणं, हे सगळं छळातच येतं.

ही लक्षणं दिसली तर सावध व्हा :

- पेन, वह्या वारंवार हरवणं, शर्ट फाटणं, पैसे जास्त मागणं
- डबा तसाच परत येणं
- दिवसभर लघवी दाबून ठेवून घरी आल्याबरोबर मोरीकडे धावणं (शाळेच्या संडासापाशीच छळ होत असेल)
- नेहमीचा रस्ता सोडून लांबून येणं
- बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं
- अभ्यासात मागे पडणं, धाकट्या भावंडांवर राग काढणं

आपल्या मुलांचा आणखी एक घाव

आपल्या घरांतल्या मुलांना आणखी एक टोचणी सोसावी लागते. आडनावावरून प्रश्न, 'जय भीम' म्हटलं की हसणं, स्कॉलरशिपच्या यादीवरून टोमणे, 'तुमचं काय, फुकटचं मिळतं'. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत स्वतःच्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. नळाला हात लावायची मनाई होती. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मुलाला ही गोष्ट सांगा, पण 'त्यांनी सोसलं, तूही सोस' असं म्हणू नका. दोष त्या वागण्याचा होता, त्या लहान मुलाचा नव्हता, हे त्याला कळू द्या.

मूल बोललं, तर काय कराल?

हातातलं काम ठेवा आणि मधे न बोलता ऐका. मग एवढंच म्हणा : 'बरं झालं सांगितलंस. यात तुझी चूक नाही. काय करायचं ते आपण मिळून ठरवू.' 'तूच काहीतरी केलं असशील' म्हटलंत, तर ते पुन्हा बोलणार नाही. 'तूही दोन ठेवून दे' म्हटलंत, तर ते जास्त मार खाईल, नाहीतर शाळेत तेच दोषी ठरेल. त्या मुलाच्या दारात भांडायला जाऊ नका. पोरांचं प्रकरण वस्तीचं होतं आणि आपलं मूल आणखी घाबरतं.

एका वहीत तारीख, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं ते लिहा. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. मग वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमकं मागा : बसायची जागा बदला, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवा, स्कॉलरशिपची नावं वर्गात मोठ्याने वाचू नका. आठ दिवसांनी पुन्हा भेटायचं ठरवून या. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात; तिथेही विषय मांडा.

छळणारे शिक्षकच असतील तर? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. मोठ्या माणसाने चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन मोफत आहे.

मूल 'मला जगायचंच नाही' म्हणालं किंवा स्वतःला इजा करू लागलं, तर आठ दिवस थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येतं.

आपलंच मूल छळत असेल तर?

तक्रार आली की 'आमचं पोर तसं नाही' म्हणून उडवून लावू नका. काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून, लंगडण्यावरून, आईच्या धुणीभांड्यांच्या कामावरून चिडवणं आपल्या गल्लीतही चालतं. त्याला मारून सुधारायला गेलात, तर बलवानाने दुबळ्याला मारायचं असतं हेच ते शिकेल. शांतपणे विचारा, माफी मागायला सोबत जा आणि पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.

आज रात्री जेवताना 'अभ्यास झाला का?' याआधी दुसरा प्रश्न विचारा : 'मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास?' उत्तर रोज 'कोणी नाही' असं येत असेल, तर त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा.