एलसी३-२ चा बँड वाढला, म्हणजे ऑटोफॅजी वाढली का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर एलसी३-२ चा बँड इतका ठसठशीत आला की मी त्याच दिवशी पोस्टरचं शीर्षक ठरवलं: आमचं संयुग कर्करोगाच्या पेशींत ऑटोफॅजी वाढवतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्टही पाठवून दिला. लॅब मीटिंगमध्ये एका सीनियर ताईने एकच विचारलं, "वाढली, की तुंबली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागे घ्यावा लागला.

तुम्ही या विषयात शिरणार असाल, तर हा प्रश्न आधीच समजून घ्या.

ऑटोफॅजीत पेशी स्वतःचेच जुने, बिघडलेले भाग दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरते. ही पिशवी म्हणजे ऑटोफॅगोसोम. ती पुढे लायसोसोमला मिळते आणि आतला माल पचतो. पिशवी बनताना एलसी३-१ या प्रथिनाला लिपिड जोडलं जातं, ते एलसी३-२ होतं आणि पडद्याला चिकटतं. (वजन वाढूनही जेलवर ते एलसी३-१ च्या खाली धावतं. पहिल्यांदा सगळेच इथे गोंधळतात.) म्हणजे एलसी३-२ वरून कळतं ते एवढंच, की या क्षणी पिशव्या साधारण किती आहेत.

मी नरखेड तालुक्यातला, त्यामुळे उदाहरण संत्र्याचंच सुचतं. बाजाराच्या आवारात मोठे ढीग दिसले की आवक वाढली असं वाटतं. पण आवक रोजचीच असेल आणि ट्रक न आल्यामुळे उचल थांबली असेल, तरी ढीग तसाच दिसेल. उलट, आवक भरपूर आणि उचलही तेवढीच जोरात असेल तर आवार रिकामं दिसेल. एका फोटोवरून काहीच ठरत नाही. खरी आवक मोजायची तर दोन तास एकही गाडी बाहेर सोडू नका आणि ढीग किती वाढतो ते बघा.

लॅबमध्ये हे काम बॅफिलोमायसिन ए१ करतं. ते लायसोसोमची आम्लता घालवतं, मग पचन थांबतं. ओसुमी यांनी १९९२ मध्ये यीस्टमध्ये वेगळ्या मार्गाने हेच केलं होतं. पचवणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं, तेव्हा व्हॅक्युओलमध्ये साचलेला माल साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. २०१६ च्या नोबेलची सुरुवात तिथली.

म्हणून किमान चार वेल लावा: कंट्रोल, नुसतं संयुग, नुसतं बॅफिलोमायसिन आणि दोन्ही मिळून. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा 'दोन्ही'मध्ये एलसी३-२ जास्त असेल, तर पिशव्या खरंच जास्त बनताहेत. नुसत्या संयुगाने बँड वाढतो, पण बॅफिलोमायसिनवर काहीच भर पडत नाही, तर संशय तुंबण्याचा घ्या. अर्थात मात्रा पचन पूर्ण अडवणारी हवी. ती आणि वेळ आपल्याच पेशींवर आधी ठरवा. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या भांडारातून आणलेल्या असोत की शेजारच्या लॅबमधून, प्रत्येक लाइनची मुळातली पातळी वेगळी असते. बँडची तुलना अ‍ॅक्टिनसारख्या लोडिंग कंट्रोलशी करा, एलसी३-१ शी नको. एलसी३-१ नाजूक असतं, सॅम्पल गोठवून-वितळवून ते कमी होतं आणि गुणोत्तर उगाच फुगतं.

जोडीला पी६२ बघा. ते मालासोबत पचतं, म्हणून प्रवाह सुरू असला की सहसा घटतं. पण काही ताणांमध्ये त्याचं जनुकच जास्त चालतं, तेव्हा एकट्या पी६२ वर निष्कर्ष काढू नका. आरएफपी-जीएफपी-एलसी३ ही दुहेरी खूण मला जास्त आवडते: आम्लात हिरवा विझतो, लाल टिकतो. पिवळे ठिपके म्हणजे माल अजून लायसोसोमच्या आम्लात पोचला नाही, नुसते लाल म्हणजे पोचला. एमडीसीचा डाय स्वस्त म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण तो आम्लधर्मी कप्पे सरसकट रंगवतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर पेपर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या चार वेलचं काय झालं? 'दोन्ही'चा बँड नुसत्या बॅफिलोमायसिनएवढाच निघाला, तीनही वेळा. पी६२ साचलेलं होतं, ठिपके पिवळे होते. आमचं संयुग ऑटोफॅजी वाढवत नव्हतं, शेवटच्या टप्प्यावर अडवत होतं, क्लोरोक्विन अडवतं तसंच. आता मी लायसोसोमचा पीएच मोजतोय.