संगणकाची मांडणी संगणकानेच करावी!

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९१५ साली तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तोपर्यंत बहुतेक गिरण्या आपापली वाफेची एंजिने चालवीत. वीज एका ठिकाणी निर्माण करावी आणि तारांनी अनेकांना पुरवावी, ही त्यामागची कल्पना. माहितीच्या बाबतीतही असेच करता येते. कसे, ते आपण पाहू या.

समजा, कर्जतमधील एका माध्यमिक शाळेत वीस संगणक आहेत. तुम्ही प्रयोगाची नोंद पाचव्या संगणकावर लिहिलीत. पुढच्या तासाला तेथे दुसराच विद्यार्थी बसला आहे. मग पेनड्राइव्ह शोधा, नकला करा, आणि खरी नक्कल कोणती यावर वाद घाला! त्यापेक्षा सर्वांच्या फाइली एकाच संगणकावर ठेवल्या आणि बाकीचे संगणक तारेने त्याला जोडले, तर कोठेही बसून आपले काम उघडता येईल. अशा सेवा पुरवणाऱ्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात.

दोन संगणकांनी फाइलींची देवघेव करायची, तर बोलण्याचे नियम ठरलेले हवेत. अशी एक नियमावली आयबीएम कंपनीत १९८०नंतरच्या दशकात तयार झाली. तिचे नाव ‘एसएमबी’. विंडोज संगणक हीच भाषा बोलतात. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९२ साली असा प्रोग्राम प्रसिद्ध केला, की ज्यामुळे युनिक्स जातीचा संगणकही ही भाषा बोलू लागला. पुढे त्याला नवे नाव हवे झाले, तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द त्याने संगणकाकडूनच शब्दसंग्रहात शोधून घेतले. त्यांत ब्राझीलमधील नृत्याचे नाव सापडले: ‘सांबा’! आज सांबा कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

आता सर्व्हर मांडायचा म्हणजे काय काय करावे लागते? लिनक्स संगणकावर सांबा बसवायचा. विद्यार्थी आणि शिक्षक असे गट करून प्रत्येकाचे खाते उघडायचे. सांबा परवलीच्या शब्दांची स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. तेथेही ती खाती नोंदवायची. सामाईक फोल्डर करून त्यात कोणी फक्त वाचावे आणि कोणी लिहावे, हे ठरवायचे. ते फोल्डर सर्वांना दिसावे म्हणून सांबाच्या नियमांच्या फाइलीत मजकूर लिहायचा. शाळेतील संगणकांपुरतीच वाट मोकळी ठेवायची. शेवटी सेवा सुरू करायची, आणि संगणक चालू होताच ती आपोआप सुरू व्हावी अशी सूचनाही द्यायची.

यातली शेवटची सूचना राहून गेली, तर काय होईल? आज सर्व काही सुरळीत चालेल. पण जुलै महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कोसळू लागला, वीज गेली आणि परत आली, की सर्व्हर जागा होईल, परंतु फाइलींची सेवा मात्र झोपलेलीच राहील. चूक झाली जूनमध्ये आणि उघडकीस आली जुलैमध्ये! अशी चूक शोधणे फार जड जाते.

म्हणून या सर्व पायऱ्या एका फाइलीत लिहून त्या संगणकाकडूनच करवून घेतात. अशा आज्ञांच्या यादीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. पण येथे एक मेख आहे. ‘नियमांच्या फाइलीत हा मजकूर जोडा’ अशी आज्ञा असलेली स्क्रिप्ट दोनदा चालवली, तर मजकूर दोनदा जोडला जातो. ‘खाते उघडा’ ही आज्ञा दुसऱ्या वेळी ‘खाते आधीच आहे’ अशी तक्रार करते.

कर्जत स्थानकाचेच उदाहरण घ्या. येथून लोणावळ्याकडे जाताना बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ लागतो. म्हणून अनेक गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची एंजिने लावतात. ‘मागे दोन एंजिने जोडा’ असा निरोप चुकून दोनदा गेला आणि कोणी पाहिलेच नाही, तर चार एंजिने लागतील! पण ‘मागे दोन एंजिने असली पाहिजेत, जितकी कमी असतील तितकीच जोडा’ असा निरोप दहा वेळा गेला, तरी एंजिने दोनच राहतील. पहिला निरोप कृती सांगतो, दुसरा निरोप अपेक्षित स्थिती सांगतो.

गणितात हा गुण तुम्ही पाहिलेला आहे. उणे ५ चे केवल मूल्य ५. त्या ५ चे पुन्हा केवल मूल्य घेतले, तरी ५ च! एकदा केली काय आणि अनेकदा केली काय, परिणाम तोच, अशा क्रियेला इंग्रजीत ‘आयडेम्पोटन्ट’ म्हणतात. अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० साली हा शब्द वापरात आणला. याच तत्त्वावर मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लो येथे ‘सीएफएंजिन’ हा प्रोग्राम रचला. २०१२ साली मायकेल डीहान यांचा ‘अँसिबल’ आला. तुम्ही लिहायचे: ‘सांबा बसवलेला असावा, फोल्डर असावे, सेवा चालू असावी.’ अँसिबल प्रत्येक ओळीला आधी पाहतो, की स्थिती तशी आहे काय. असेल तर पुढे जातो; नसेल तरच बदल करतो.

तथापि ही जादू नव्हे. लिहिलेली चूक यंत्र तितक्याच तत्परतेने वीस ठिकाणी करील. म्हणून आधी एका संगणकावर चाचणी घ्यावी. परवलीचे शब्द यादीत उघडे लिहू नयेत. सांबा आणि विंडोज वेळोवेळी अद्ययावत करावेत: मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्राम विंडोजमधील एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊनच जगभर पसरला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे, ही यादी सर्व्हरची मांडणी परत देते, तुमच्या फाइली नव्हे! डिस्क जळाली तर नवा सर्व्हर थोड्या वेळात उभा राहील, पण तो रिकामा असेल. फाइलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत, ठेवलीच पाहिजे.

शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे. सर्व्हर मांडणाऱ्या शिक्षकांची बदली झाली, की त्यांच्या डोक्यातील माहितीही त्यांच्याबरोबर जाते. तीच माहिती फाइलीत लिहिलेली असेल, तर ती शाळेची मालमत्ता होते. नवे शिक्षक ती वाचू शकतात, तपासू शकतात, सुधारू शकतात.

एक प्रयोग करून पाहा. तुमची प्रयोगशाळा लावण्याच्या सूचना कागदावर लिहा. मात्र ‘हे करा’ असे न लिहिता ‘हे असे असावे’ असे लिहा. मग हा कागद नवख्या मित्राला द्या आणि त्याच्याकडून लागोपाठ दोनदा काम करवून घ्या. दुसऱ्या वेळी त्याला काहीच करावे लागले नाही, तर समजा, की तुमच्या सूचना यंत्राला देण्याजोग्या झाल्या!