रुंद रिमवर टायर कोणता?

निशातगंजच्या आमच्या गल्लीतला एक मुलगा 17 इंची, 8 इंच रुंद अलॉय घेऊन आला. गाडीचे मूळ टायर 205/55 आर 16. "अंकल, आता टायर कोणता?"

आधी आकडे वाचू. 205 ही मिलिमीटरमधली रुंदी. 55 म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या 55 टक्के. 16 हा रिमचा व्यास, इंचात. हिशेब केला की टायरसकट चाकाची उंची 632 मिलिमीटर येते. नवं चाकही साधारण तेवढंच हवं. 225/45 आर 17 भरतो 634. उत्तम. दुकानदार गळ्यात मारत होता 225/50, म्हणजे 657! मीटर आधीपेक्षा जवळपास 4 टक्के कमी वेग दाखवणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासण्याची भीती.

दिसायला छान म्हणून 205 चाच टायर ताणून बसवू नका. त्याची मर्यादा साडेसात इंची रिम. भाराचा आकडाही पाहा. मूळ टायरवर 91 असेल, म्हणजे एका टायरला 615 किलो, तर नव्यावर त्याहून कमी नको, कितीही स्वस्त मिळो.

साइडवॉल मात्र साडेअकरा मिलिमीटरने घटते. खड्ड्यात दणका थेट रिमला. मी त्याला 16 च ठेव म्हणालो होतो. ऐकतो कोण!